गोड आहे, पण...

वाइनमधलं थोडंफार कळायला लागलेला माणूस ओळखायचा कसा? सोपं आहे. तो सगळ्यात आधी गोड वाइनला नावं ठेवायला लागतो. "मी फक्त ड्राय घेतो" हे तो अशा थाटात सांगतो, की जणू गोड खाणंच त्याने लहानपणी सोडलंय. नाशिकच्या आसपास आता वाइनऱ्या भरपूर झाल्यात आणि तिथल्या टेस्टिंग रूममध्ये हा प्रसंग मी कितीदा तरी पाहिलाय. पुण्या-मुंबईहून आलेल्या घोळक्यातलं कोणी तरी दबक्या आवाजात विचारतं, "गोड काही आहे का हो?" की शेजारचा लगेच हसतो. आणि विचारणारी बाई असेल, तर "लेडीज वाइन" हे ठरलेलं.

माझं मत याच्या बरोबर उलट आहे. "गोड आहे" हा निकाल नव्हे. तिथून प्रश्न सुरू होतो. गोड पेय चाखून "छे, गोड आहे" म्हणत पेला खाली ठेवणं हा निव्वळ आळस झाला. आणि आम्हा वणीकरांना तर हा आळस अजिबात शोभत नाही. कारण आमच्याकडे गोडी हे पीक आहे. आम्ही ती पिकवतो, मोजतो आणि तिच्यासाठी रात्रीची झोप घालवतो.

अतिशयोक्ती वाटत असेल, तर दिंडोरी तालुक्यातल्या कुठल्याही द्राक्षबागाईतदाराला त्याचं वर्ष कसं जातं ते विचारा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. पावसाळा संपताना दुसरी छाटणी, आणि तिचं नावच गोडी बहार छाटणी (कोणी नुसतं "गोड बार" म्हणतं). पुढे मण्यांत "पाणी उतरतं", म्हणजे कडक हिरवा मणी मऊ आणि पारदर्शक व्हायला लागतो. मग साखर भरते. शर्टाच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर घालून माणसं बागेत फिरतात, मणी चिरडून थेंब काचेवर टाकतात, उजेडाकडे डोळा लावतात आणि आकडा सांगतात. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण अठरा ग्रॅम साखर. वाइनच्या द्राक्षाला बावीस ते चोवीस. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ब्रिक्स म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आता आमच्या घरातलं शेंबडं पोरही ते सांगू शकतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे एक बाटली. माझा भाचा गेली काही वर्षं तोक्योत नोकरी करतो. या दिवाळीत तो येताना जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातून सफरचंदाच्या सायडरची एक बाटली घेऊन आला. कुठल्याशा लहान बागवाल्याने स्वतःच गाळलेली, अर्धा लिटरची, पाच टक्के अल्कोहोलची. "मावशी, तुझ्यासाठी मुद्दाम गोड आणली," म्हणाला. बाटलीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी ती इथे मिळणार नाही, मग उगाच तोंडाला पाणी कशाला सोडा?

पण लेबलाबद्दल सांगायलाच हवं, कारण अर्धी मजा तिथेच होती. जपानमध्ये "सायदा" मागितलं, तर साधा गोड सोडा मिळतो, लहान मुलांचा. (त्यांच्याकडेही आपल्यासारखी गोटीवाली सोड्याची बाटली आहे, तिला ते रामुने म्हणतात.) आंबवलेल्या सफरचंदाच्या पेयाला त्यांनी फ्रेंच "सिद्र" वरून शब्द घेतलाय, "शीदोरु". हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "शिदोरी?" आणि घरात त्या बाटलीचं नाव शिदोरीच पडलं!

दुसरा शब्द होता "अमाकुची". अमा म्हणजे गोड, कुची म्हणजे तोंड. गोड तोंडाचं. आणि ज्याला आपण साहेबाकडून उसनं घेऊन "ड्राय" म्हणतो, त्याला ते म्हणतात "काराकुची", तिखट तोंडाचं. भाताच्या साकेपासून आमटीसारख्या करीपर्यंत हीच जोडी वापरतात म्हणे. मला हे फार आवडलं. ड्राय म्हणजे कोरडं. एखादं ओलं पेय कोरडं कसं असेल, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो आणि लाजेपोटी तो कोणी विचारत नाही. जपान्यांनी मात्र आपल्या स्वयंपाकघरातला शब्द उचलला आणि काम भागवलं. चव समजायची असेल, तर ती आधी आपल्या भाषेत सांगता आली पाहिजे.

तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली उघडली. चाखायला मी, हे, भाचा आणि माझे दीर. सासूबाईंची माळ आहे, त्यामुळे त्यांनी फक्त वास घेतला आणि "सफरचंदाच्या मुरांब्याची बरणी उघडल्यासारखा येतोय" एवढा अभिप्राय देऊन त्या आत गेल्या. (नंतर कळलं, तो त्या संध्याकाळचा सर्वात नेमका अभिप्राय होता.) रंग फिकट, वाळलेल्या गवतासारखा. बारीक बुडबुडे. पहिला घोट जिभेच्या टोकावर चांगलाच गोड, अगदी थेट गोड. त्यामागून लगेच गालांच्या आतल्या बाजूला आंबट. आणि मग स्वच्छ. ओठ चिकट नाहीत, घसा खवखवत नाही.

दीर द्राक्षवाले आहेत. वर्षभर गोडीशीच त्यांचा झगडा असतो, आणि वाइन पिण्यात त्यांना फारसा रस नाही. त्यांनी दोन घोट घेतले, पेला उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "वहिनी, गोड आहे, पण बसत नाही."

मला वाटतं, गोड पेयाचं परीक्षण कसं करावं ते या एका वाक्यात आलं. ते जरा उलगडून सांगते. माझ्या मते गोड वाइन असो, सायडर असो की मधाची मीड, तिला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: ही गोडी कुठून आली?

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. ढोबळ हिशोब असा, की एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला लिटरमागे सतरा ग्रॅम साखर लागते. पाच टक्के म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम गेली. चांगल्या गोड सफरचंदाच्या रसात लिटरला एकशेतीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. वजाबाकी करा, उरले पंचेचाळीस. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेच्या व्याख्येप्रमाणे लिटरला पंचेचाळीस ग्रॅमपासून पुढे वाइनला "गोड" म्हणतात. म्हणजे यीस्टला मध्येच थंड करून थांबवलं आणि गाळून काढलं, तर वरून चिमूटभरही साखर न घालता पाच टक्क्यांचं गोड सायडर होऊ शकतं. ही फळाची स्वतःची उरलेली गोडी. दुसरा मार्ग असा, की सगळी साखर यीस्टला खाऊ द्यायची आणि शेवटी पाक नाहीतर रस ओतायचा. रस ओतणं मला गैर वाटत नाही, फळ तेच असतं. पाक ओतला की मात्र चव सपाट होते. शेवेच्या लाडवात गुळाऐवजी साखर घातली तर फरक कळतो ना, तसंच.

जपानच्या कायद्यात फळांच्या मद्याचे यावरून दोन वर्ग केलेत. साधं फळमद्य एक, आणि साखर, ब्रँडी किंवा सुगंधी द्रव्यं ठरावीक मर्यादेपलीकडे घातलेलं "गोड केलेलं फळमद्य" वेगळं. कुठला वर्ग ते बाटलीवर छापावंच लागतं. आमची बाटली पहिल्या वर्गातली होती. भाच्याने वाचून दाखवलं.

आता आपल्याकडे गोड वाइनची बदनामी का झाली, हेही यातूनच कळतं. आपल्या आधीच्या पिढीला वाइन म्हणजे "पोर्ट" माहीत होती. गोव्याला गेलेला माणूस येताना आणायचा. लालभडक, काकवीसारखी गोड. बाळंतिणीला, अशक्त माणसाला "टॉनिक" म्हणून दोन चमचे द्यायची पद्धतही काही घरांत होती. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये आंबवणं चालू असतानाच द्राक्षाचं स्पिरिट घालून यीस्ट थांबवतात, म्हणजे ती गोडी द्राक्षाची असते. आपल्याकडच्या स्वस्त पोर्टची गोडी बहुतेक वरून घातलेल्या साखरेची. ती पिऊन मोठे झालेले लोक पुढे खरी वाइन प्यायला लागले आणि त्यांनी गोडीवरच फुली मारली. रोगी साखर होती, पण शिक्षा गोडीला झाली.

दुसरा प्रश्न: या गोडीला तोलतंय कोण?

हे मराठी माणसाला शिकवायला नको. चिंचगुळाची आमटी कोण करतं? श्रीखंडाचा चक्का जरा आंबूस असेल तरच श्रीखंड चांगलं होतं, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. अगदी गोड दह्याचं श्रीखंड दोन चमच्यांत नको होतं. पेयाचंही तसंच. साखर किती आहे यापेक्षा तिच्यासमोर आंबटपणा किती उभा आहे, ते महत्त्वाचं. दिरांचं "बसत नाही" म्हणजे हेच. गोडी जिभेवर फतकल मारून बसत नाही, आंबटपणा तिला उठवून पुढे पाठवतो.

युरोपात सायडरसाठी वेगळी सफरचंदं लावतात. कडवट, तुरट, खायला नकोशी. त्या तुरटपणामुळे पेयाला अंग येतं. जपानकडे ती नव्हती. आओमोरीत सफरचंदाची पहिली रोपं १८७५ साली लागली, तीही खायच्या फळांची. जगभर गेलेलं फुजी सफरचंद याच प्रांतातल्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९६२ साली त्याचं बारसं झालं. गोड, रसाळ, करकरीत, पण तुरटपणा नाही आणि आंबटपणा बेताचा. सायडरवाले साहेब याला नाक मुरडतात. तिथल्या लोकांनी मात्र आपलं फळ बदललं नाही. फुजीत थोडं "कोग्योकु", म्हणजे आंबट जोनाथन सफरचंद मिसळून तोल साधला. आमच्या बाटलीतही हीच दोन होती.

आपल्या नाशिकची गोड वाइन म्हणजे लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां. सुला वाइनयार्ड्सने शेनिन ब्लां नाशिकमध्ये रुजवलं आणि तिची उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोड वाइनही बाजारात आणली. शेनिन मूळची फ्रान्सच्या ल्वार नदीकाठची. तिचा मोठा गुण म्हणजे साखर भरली तरी ती आंबटपणा सहजासहजी सोडत नाही. आपल्याकडे हे फार मोलाचं आहे. मार्चमध्ये आमच्याकडे दुपारी ऊन तापायला लागतं, मण्यातला आंबटपणा उतरू लागतो, आणि दुसऱ्या एखाद्या द्राक्षाचा नुसता पाक होऊन बसेल. भाच्यासाठी म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही आपली लेट हार्वेस्टही उघडली. शेजारी शेजारी ठेवून चाखली.

माझा निकाल सांगते. नुसत्या तोलात जपानी शिदोरी सरस. कितीही प्यावी, जड होत नाही. (प्यायची नाही कितीही. त्यावर पुढे येतेच.) पण तिची गोष्ट लहान. घोट गिळला की संपली, मागे काही उरत नाही. तुरटपणा नसण्याचा हा तोटा. आपली शेनिन जास्त गोड, जास्त जाड, मध आणि पिकलेल्या पपनसाच्या सालीची आठवण देणारी, आणि घोट गेल्यावरही मिनिटभर तोंडात रेंगाळणारी. ती फार थंड हवी. जराशी कोमट झाली की गोडी वर येते आणि आंबटपणा मागे पडतो. जेवणानंतर छोट्या पेल्यात, गडावरून आलेल्या पेढ्याबरोबर मात्र अजिबात नको! गोडावर गोड नको. खारवलेल्या काजूबरोबर, किंवा झणझणीत मिसळीनंतर घेऊन बघा. शिदोरीला दहापैकी सात, शेनिनला साडेसात. घरचं म्हणून अर्धा मार्क वाढवलेला नाही.

आता तिसरा प्रश्न. हा कुठल्याही टेस्टिंग रूममध्ये विचारला जात नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. या गोडीची किंमत कोणाला मिळाली?

"लेट हार्वेस्ट" हा शब्द बाटलीवर किती छान दिसतो. उशिराची खुडणी. घड वेलावर जास्त दिवस ठेवायचे, मण्यातलं पाणी उडू द्यायचं, साखर दाटू द्यायची. बाटली लहान, भाव जास्त. पण हाच शब्द आमच्या घरात उच्चारला, की कोणी तरी उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने वाइन उद्योगासाठी धोरण आणलं आणि पुढच्या सात-आठ वर्षांत नाशिकमध्ये वाइनऱ्यांचं पेवच फुटलं. आमच्या सासऱ्यांनीही थॉमसनची दीड एकर बाग काढून करारावर शेनिन लावली. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग २००८ च्या शेवटी मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक आटले, वाइनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. २००९ च्या हंगामात ज्यांच्याशी करार होता त्यांची गाडी येईना. (नाव घेत नाही. त्या वर्षी अडकलेले ते एकटेच नव्हते.) आज येते, उद्या येते. इकडे ब्रिक्स चोवीसवरून पंचवीस, सव्वीस. सासरे रोज सकाळी मणी फोडून बघायचे आणि वहीत आकडा लिहायचे. मणी सुरकुतायला लागले, घड हलके झाले. गाडी आली तेव्हा ठरलेल्यापेक्षा तीन आठवडे उलटून गेले होते. माल "ओव्हर" झाला म्हणून दर कापला. आणि पैसे किलोवर, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याचेही पैसे गेले. समजा सहा टनांचे साडेचार टन झाले, तर साखर तेवढीच, किंबहुना जास्तच घट्ट, पण काट्यावर दीड टन गायब.

मंडळी, विचार करा. बाटलीवर उशीर म्हणजे गुण, त्याची जास्त किंमत. बांधावर तोच उशीर म्हणजे दोष, त्याची कपात. फळ तेच, गोडी तीच. पुढच्या दोन वर्षांत नाशिक जिल्ह्यात वाइन द्राक्षांच्या कितीतरी बागांवर कुऱ्हाड चालली. आमचीही त्यातच गेली. दिरांनी पुन्हा थॉमसन लावलं. सासरे आता नाहीत, पण ती वही आहे. तिच्यातले ते मार्चचे आकडे म्हणजे खरं तर एका उत्तम लेट हार्वेस्टची नोंद आहे. कोणी बाटलीत भरली नाही एवढंच.

म्हणूनच भाच्याने सांगितलेली पुढची गोष्ट ऐकून दीर बराच वेळ गप्प राहिले. फुजी सफरचंद झाडावर जास्त दिवस ठेवलं, की कधी कधी त्याच्या गाभ्याभोवती ओलसर, काचेसारखा पारदर्शक भाग तयार होतो. इतर देशांत त्याला रोग नव्हे पण दोष मानतात, कारण असं फळ फार टिकत नाही. भाव पडतो. जपानमध्ये त्याला "मित्सु" म्हणतात, म्हणजे मध. सफरचंद कापल्यावर आत मध दिसला की लोक खूश! खोक्यावर तसं लिहितात आणि त्याला चढा भाव मिळतो. त्यांच्या शेतकऱ्याच्या उशिराला नाव आहे आणि भावही आहे.

आपल्याकडे काय करता येईल? मला अर्थशास्त्र कळत नाही, पण घरात द्राक्षं असल्यामुळे एवढं कळतं, की गोड वाइनसाठी माल ठेवायला सांगायचा असेल तर पैसे किलोवर देऊन चालणार नाही. एकरावर द्या, नाहीतर एकूण साखरेवर द्या. आणि जास्तीचे दिवस वेलावर राहिलेल्या मालाची जोखीम वाटून घ्या. त्या तीन आठवड्यांत काय होऊ शकतं, ते २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा एका बाजूने शेतकऱ्याचं नाव घेतलं गेलं, दुसऱ्या बाजूने संस्कृतीचं. भरपूर आरडाओरडा झाला आणि निर्णय कागदावरच राहिला. पण वाइन विकली गेली तर शेतकऱ्याला पैसे कुठल्या मापाने मिळतात, हा साधा प्रश्न त्या गदारोळात मला तरी कुठे ऐकू आला नाही.

आता आमच्या नातेवाइकांसाठी दोन शब्द. कारण मला माहीत आहे, हे वाचून नगरच्या आत्या फोन करणार आणि विचारणार, "सप्तशृंगीच्या पायथ्याशी राहून हे काय लिहितेस?" आत्या, मी कोणाला प्या म्हणत नाही. ज्यांची माळ आहे, ज्यांना नको आहे, त्यांचं बरोबरच आहे. ज्यांच्या घरात दारूने संसार मोडलेत त्यांच्यासमोर तर मी हा विषयही काढणार नाही. आणि एक गोष्ट गोड पेयाच्या विरोधातली आहे, ती लपवणार नाही. गोडी अल्कोहोल झाकते. कडू, जळजळीत असेल तर माणूस आपोआप थांबतो. गोड असेल तर दुसरा पेला कधी भरला ते कळत नाही. शिवाय मधुमेहवाल्यांनी लेट हार्वेस्टपासून लांबच राहावं, कारण त्यातली साखर खरीखुरी साखर आहे, "फळातली" म्हटल्याने ती औषध होत नाही. टॉनिक तर कुठलंच मद्य नाही, ना पोर्ट, ना शेनिन. म्हणून तर छोटा पेला, जेवणानंतर, एकदाच. यातच तिचा मानही राहतो.

पण पिणारे पितातच, आणि नाशिकमध्ये तर रोज शेकड्यांनी लोक चाखायला येतात. त्यांच्यापैकी कोणी गोड मागितली, तर हसू नका एवढंच माझं म्हणणं. गोड आवडणं हा अडाणीपणा नाही. आपण सणाला पुरण घालतो, पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवतो, चांगली बातमी सांगायच्या आधी तोंड गोड करतो. ती जीभ घरी ठेवून टेस्टिंग रूममध्ये जायची काही गरज नाही. उलट तीच जीभ घेऊन जा आणि विचारा: यात वरून किती घातलंय? आंबट कुठे आहे? आणि ज्याने ही द्राक्षं मार्चपर्यंत वेलावर सांभाळली, त्याला किलोने दिले की एकराने?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पेल्यातच सापडतात. तिसऱ्याचं सापडत नाही, म्हणून ते मोठ्याने विचारावं लागतं. टेस्टिंग रूममधल्या त्या सुटाबुटातल्या मुलाला ते माहीत नसेल. हरकत नाही. दहा जणांनी विचारलं, की अकराव्याच्या वेळी तो आतून कोणाला तरी बोलावून आणेल.